जैसलमेरची माती आणि निवडुंगाची मूळकूज

फौजी क्वार्टरच्या व्हरांड्यात दोन झाडं हमखास सापडतात, तुळस आणि निवडुंग. तुळशीचं कारण सांगायला नको. निवडुंग असतो, कारण आपण दोन महिने रजेवर गेलो तरी परत आल्यावर तो जागेवर हजर असतो. दर दोन-तीन वर्षांनी काळ्या ट्रंका भरणाऱ्या माणसाला असंच झाड परवडतं. त्यामुळे निवडुंग कशानेही मरत नाही, अशी आपल्यात पक्की समजूत आहे. माझ्या २६ वर्षांच्या नोकरीत मी बरेच निवडुंग मेलेले पाहिले. त्यातला तहानेने मेलेला एकही आठवत नाही. सगळे मुळाशी कुजून गेले. शेतकरी ज्याला मूळकूज म्हणतो, तीच ही.

आधी नावाचा घोळ निस्तरतो. आपण गावाकडे कुंपणाच्या थोरालाही निवडुंग म्हणतो आणि फड्यालाही निवडुंगच म्हणतो. थोर मोडला की पांढरा चीक गळतो. तो एरंडाच्या कुळातला. खरा कॅक्टस म्हणजे फड्या आणि त्याचे भाऊबंद, आणि आपल्या कुंड्यांतले हे भाऊबंद मूळचे अमेरिका खंडातले. ओळखायची खूण सोपी आहे. कॅक्टसच्या काट्यांचा झुबका जिथून निघतो तिथे लोकरीची बारीकशी गादी असते, थोराला ती नसते. कंपनी सरकारच्या काळात या फड्याला मोठा मान होता. कोचिनील नावाचा किडा त्याच्यावर जगतो, त्याच्यापासून किरमिजी रंग निघतो आणि गोऱ्या अफसरांच्या लाल कोटांना तो रंग लागायचा. १७९५ साली ब्राझीलहून तो किडा बंगालमध्ये आणला गेला. निघाला भलत्याच जातीचा. रंग हलका, पण खादाड असा की पुढे दक्षिणेत फड्याची एक जातच त्याने मोठ्या मुलखातून साफ केली. तर कॅक्टस आणि लष्कर यांचं नातं असं जुनं आहे.

ज्या झाडाबद्दल लिहितोय ते एकिनॉप्सिस. नारळाएवढं गोल, उभ्या बरगड्यांचं, अंगावर पिल्लं धरणारं. दिवसा बघितलं तर विशेष काही नाही. पण मे-जूनमध्ये अंगातून वीतभर लांब नळी निघते आणि रात्री तिच्या टोकाला पांढरट गुलाबी फूल उमलतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते मान टाकतं.

ते झाड माझं नव्हतं. जैसलमेरला माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये सातारा जिल्ह्यातला एक हवालदार होता, त्याचं. चंडीमंदिरला पोस्टिंग असताना त्याला हा नाद लागला. चंडीमंदिर छावणीला लागूनच पंचकुला, आणि पंचकुलात सात एकरांवर सरकारी कॅक्टस गार्डन आहे. सुटीच्या दिवशी बाकीचे चंदीगडला सिनेमाला जायचे, हा मुलीला घेऊन काटे बघायला जायचा. तिथल्याच एका नर्सरीतून त्याने लिंबाएवढं पिल्लू आणलं. जैसलमेरला येईपर्यंत ते नारळाएवढं झालं होतं. फूल येणार असलं की त्या संध्याकाळी त्याच्या व्हरांड्यात चार खुर्च्या लागायच्या आणि वहिनी सगळ्यांना चहा द्यायच्या. दहा-साडेदहापर्यंत फूल पुरतं उघडायचं.

एका सकाळी धावताना तो खाली बसला आणि उठला नाही. मी त्याच युनिटच्या एमआय रूममध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. ॲम्ब्युलन्समध्ये त्याच्याबरोबर मीच होतो. त्याबद्दल इथे याहून जास्त लिहीत नाही.

क्वार्टर सोडताना वहिनींनी तुळस बरोबर नेली. निवडुंगाची कुंडी जड, काटे बोटबोटभर, पुढे दोन ठिकाणी गाडी बदलायची आणि हाताशी दहा वर्षांची मुलगी. त्यांनी कुंडी माझ्या दारात ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊजी, गावाकडे घर बांधून झालं की नेईन. यातली माती त्यांच्या हातची आहे. तेवढी बदलू नका."

माती खरंच त्याच्या हातची होती. जैसलमेरकडे खडीन म्हणून जुनी पद्धत आहे. खडकाळ उतारावरून वाहणारं पावसाचं पाणी बांध घालून अडवायचं, ते मुरलं की खाली साचलेल्या गाळाच्या मातीत गहू, हरभरा पेरायचा. ती माती हाताला पिठासारखी लागते आणि ओल धरून ठेवते. त्याने अशा एका खडिनातून अर्धं पोतं माती आणली होती. तिच्यात उंटाच्या लेंड्यांचं खत कालवलं, थोडी वाळू घातली आणि कुंडीचं भोक खापरीने आणि सिमेंटने अर्धं बुजवलं. जैसलमेरला हे अगदी बरोबर होतं. तिथे वर्षाचा पाऊस सरासरी २०० मिलिमीटरच्या आसपास. मेमधल्या लूमध्ये सकाळी घातलेलं पाणी संध्याकाळी कुंडीत शोधावं लागतं. तिथे ओल धरणारी माती म्हणजे शहाणपण.

पुढे मी नायब सुभेदार झालो आणि माझी बदली बिन्नागुडीला झाली. उत्तर बंगालातला डुआर्सचा पट्टा, जलपाईगुडी जिल्हा. सगळीकडे चहाचे मळे, मधूनच हत्ती, आणि पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर. बूट पॉलिश करून कपाटात ठेवला तर आठवड्यात त्याला हिरवी बुरशी येते. कुंडीही माझ्याबरोबर तिथे आली. माती न बदलण्याचा शब्द दिला होता, म्हणून ती बदलली नाही. तिची कसर पाण्यात काढली. पावसाळ्यात कुंडी व्हरांड्यात आत भिंतीला टेकून ठेवायची. महिन्यातून एकदा, तेही माती तळापर्यंत कोरडी असेल तरच, कपभर पाणी. थंडीत थेंबही नाही. अशी दोन वर्षं झाड ठणठणीत राहिलं. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये दोन फुलंही आली.

तिसऱ्या पावसाळ्यात मी चार आठवडे कोर्सला गेलो. त्या काळात दोन गोष्टी घडल्या. वरून इन्स्पेक्शन येणार होतं, तेव्हा फटीग पार्टीने ब्लॉकमधल्या सगळ्या कुंड्यांना हिरवा ऑइलपेंट मारला आणि ओळ सरळ दिसावी म्हणून त्या पायरीवर आणून लावल्या. बरोबर पन्हाळीच्या धारेखाली. इन्स्पेक्शन गेलं, कुंड्या तिथेच राहिल्या. दुसरी गोष्ट शेजारच्या केरळी जवानाची. मुलगा मनाचा चांगला. झाड सुकतंय असं त्याला दिसलं. "सूख रहा था साब, इसलिए रोज दो मग पानी डाला," असं त्याने मला मोठ्या काळजीने सांगितलं. त्याला मी काही बोललो नाही. त्याने जे पाहिलं ते खोटं नव्हतं.

मूळकुजीतली खरी फसगत हीच आहे. झाडाच्या बरगड्या आत ओढल्या जातात, कातडी सुरकुतते, रंग मळकट होतो. बघणाऱ्याला वाटतं, तहान लागली. तहान लागलेलीच असते, कारण पाणी ओढणारी मुळं मेलेली असतात. कुंडीत पाणी भरपूर, ते वर पोचवणारं कुणी नाही. माणूस आणखी पाणी घालतो आणि राहिलेली मुळंही जातात.

म्हणून सुरकुतलेला निवडुंग दिसला की पाण्याच्या मगाला हात लावण्याआधी मातीला लावायचा. माती कोरडी आणि झाड सुरकुतलेलं, तर खरंच पाणी हवंय. माती ओली आणि झाड सुरकुतलेलं, तर मूळ गेलंय. मग झाड हलवून बघा. मूळ धरलेला निवडुंग कुंडीसकट हलतो. कुजलेला जागच्या जागी दातासारखा हलतो. बुडाशी बोट दाबा. मऊ लागलं, तपकिरी-काळं दिसलं, वास आला, तर संपलं. एक मात्र लक्षात ठेवा: जुन्या निवडुंगाचं बूड वयानेही तपकिरी होतं, सालीसारखं. ते टणक असतं. ती कूज नव्हे. एका मेजर साहेबांच्या मिसेसनी अशा सालीला घाबरून चांगला निवडुंग कापायला काढला होता, तो वेळेवर वाचला.

मुळं पाण्याने कुजतात म्हणजे नक्की काय होतं, हे मला माझ्या धंद्यामुळे पटकन समजलं. पहिल्या महायुद्धात फ्लँडर्सच्या खंदकांमध्ये सैनिकांचे पाय सडायचे. गोळी लागलेली नसायची. दिवसेंदिवस पाय ओल्या बुटात, थंडीत, आवळलेले. रक्त नीट फिरत नाही, कातडी मरते आणि मग मेलेल्या जागी जंतू शिरतात. उपाय साधा होता: पाय पुसा, मोजे बदला, कोरडे ठेवा. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे घोकून घेतलेलं. निवडुंगाचं मूळही श्वास घेतं. मातीच्या कणांमधल्या फटींत हवा असते, ती मुळाला लागते. फटी दिवसेंदिवस पाण्याने भरून राहिल्या की मूळ गुदमरतं. मेलेल्या मुळावर मग पिथियम, फायटोफ्थोरा, फ्युजेरियम अशी मंडळी बसतात. ती मातीत थोडीफार असतातच, वाट बघत. कधी मुळावरच्या पिठ्या ढेकणाने केलेल्या जखमेतूनही आत जातात. एकदा आत गेली की मुळावरून खोडात आणि खोडाच्या मधल्या नळ्यांतून सरळ वर.

माझ्या कुंडीत हवेची वाट तिन्हीकडून बंद झाली होती. गाळाची माती, अर्धं बुजलेलं भोक आणि वरून ऑइलपेंट. मातीची कुंडी अंगातूनही थोडी सुकत असते. तिला ऑइलपेंट मारला की ती प्लास्टिकच्या डब्यासारखी होते. फौजेतल्या सगळ्या क्वार्टरमास्तरांना माझी विनंती आहे, दगडांना चुना मारा, झाडांच्या बुंध्यांना गेरू मारा, पण कुंड्या सोडा.

मी परत आलो त्या आठवड्यातच वहिनींचा फोन आला. घराचा स्लॅब कधीच पडला होता, आता गिलावाही झाला. डिसेंबरात वास्तुशांत. "तुम्ही रजेवर येताय ना तेव्हा? पोरगी विचारते, काका झाड आणणार का?" मी म्हटलं, आणतो. तेव्हा कुंडी माझ्या समोरच होती आणि झाड दातासारखं हलत होतं.

त्याच दुपारी वर्तमानपत्र पसरून झाड काढलं. ओढावं लागलं नाही, हातात आलं. निरोगी मूळ पांढरट किंवा फिकट तपकिरी आणि चिवट असतं. इथे बोटाने ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघायची आणि आत नुसता दोरा राहायचा. वास कुजक्या कांद्याचा. बुडाला अंगठा टेकवला तर आत गेला.

कूज फक्त मुळांपर्यंत असती तर काम सोपं होतं. मेलेली मुळं कापायची, माती झटकून टाकायची, झाड सावलीत आठ-दहा दिवस उघडं ठेवायचं आणि कोरड्या नव्या मातीत लावायचं. खोडात शिरली असेल तर कापावं लागतं. आणि कापायचं ठरलं की त्याच दिवशी. ओल्या हवेत ही कूज दोन दिवसांत दोन इंच चढलेली मी बघितली आहे. गंधक, बुरशीनाशक, हळद, दालचिनी, लोक काय काय लावतात. वरून लावलेलं औषध आत कुजलेल्या भागाला बरं करत नाही. मेलेलं मांस आधी काढावंच लागतं, हे जखमेतही तसंच आहे.

सुरी बाजारातून नवी आणली, पातळ आणि लांब पात्याची. स्पिरिटने पुसली. पहिला काप बुडापासून दोन बोटं वर. आत सगळा चॉकलेटी चिखल. सुरी पुसली. दुसरा काप, चिखल कमी. सुरी पुसली. प्रत्येक कापाला पुसायची, नाहीतर खालची कूज आपणच वर नेतो. तिसऱ्या कापाला मांस हिरवट पांढरं, स्वच्छ दिसलं. नवखा माणूस इथे थांबतो. पण निवडुंगाच्या कापात मधोमध एक फिकट कडं दिसतं, बांगडीसारखं. त्यातून पाणी वर जातं. त्या कड्यात दोन ठिकाणी नारिंगी टिपके होते. मोहरीएवढे. ते टिपके ठेवले तर महिन्याने पुन्हा हेच. चौथा काप, एक टिपका. पाचवा काप, कडं स्वच्छ.

नारळातून राहिलं ते मोठ्या पेरूएवढं. अंगावर सात पिल्लं होती. बुडाशी असलेली पाच आतून नासलेली, वरची दोन चांगली. ती दोन मी वेगळी काढून ठेवली. मुख्य तुकडा गेला तर निदान वंश राहील, असा हिशेब.

कापलेल्या तोंडाची कड सुरीने चहूबाजूंनी तिरपी तासली, पेन्सिलीला टोक करतात तशी थोडी. याचं कारण आहे. काप सुकताना मधला गर आत ओढला जातो आणि वाटीसारखा खळगा होतो. कडेची कातडी टणक, ती खाली येत नाही. मुळं फुटतात त्या मधल्या कड्यातून. कड तासली नाही तर ती मुळं खळग्यातच अडकतात, मातीला टेकत नाहीत. मग गंधकाची भुकटी लावली आणि तुकडा उभाच, रिकाम्या मगच्या तोंडावर ठेवला. आडवा ठेवला तर शेंडा उजेडाकडे वळतो आणि मुळं कुशीतून फुटतात.

आता पाणी नाही, माती नाही, काहीच करायचं नाही. कापाला खरपुडी धरेपर्यंत वाट बघायची. राजस्थानात दहा दिवस पुरले असते. डुआर्सच्या हवेत मी तीन आठवडे ठेवला, टेबलफॅन मंद लावून. मिसेसचं म्हणणं पडलं की आजवर तिच्यासाठी कधी इतका वेळ पंखा लावला नव्हता. दहाव्या दिवशी दोन पिल्लांपैकी एक काळं पडलं. ते टाकलं.

राहता राहिली माती. ती ठेवता येत नव्हती. कुजलेल्या मुळांचे तुकडे आणि बुरशी तिच्यात मिसळली होती. उन्हात तापवून बघावी म्हटलं तर ऑगस्टात डुआर्सला ऊन कुठलं? आणि तापवून जंतू मेले असते तरी ती माती पिठासारखीच राहिली असती. त्या पावसाच्या मुलखात तिच्यात कुठलंही मूळ पुन्हा गुदमरलंच असतं. दोन दिवस मी ती पोत्यावर पसरून तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी वहिनींना फोन केला आणि सगळं जसं होतं तसं सांगितलं, कूज, काप, किती राहिलं ते. मग मातीचं सांगितलं.

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मागे सिमेंट कालवायचं मशीन चाललेलं ऐकू येत होतं, कंपाउंडचं काम सुरू असावं. मग म्हणाल्या, "त्यात वाळलेल्या फुलाचं एखादं देठ असेल बघा. पहिलं फूल पडलं तेव्हा त्यांनी ते खाली मातीतच पुरलं होतं." मी म्हटलं, वहिनी, आता ते ओळखू येणार नाही. "हां," त्या म्हणाल्या. "मग नाल्यात नका टाकू. झाडाखाली टाका कुठल्यातरी." ब्लॉकच्या मागे बांबूचं बेट होतं. त्याच्या बुडाशी ती माती घातली. कुंड्यांपासून लांब, कारण ती बुरशी दुसऱ्या कुंडीत जायला नको होती. बांबूला तिचं काही होत नाही.

तुकडा सुकत असतानाच ड्युटीवर कालिम्पोंगला जाणं झालं. कालिम्पोंगच्या कॅक्टस नर्सऱ्यांचं नाव मोठं आहे. बाहेर धो धो पाऊस, डोंगर धुक्यात गेलेला, आणि आत शेकडो कुंड्यांत निवडुंग टणटणीत. लाल-पिवळे चेंडू कलम केलेले. त्या रंगीत चेंडूंना स्वतःचं अन्न करता येत नाही, म्हणून ते ड्रॅगन फ्रूटच्या वेलाच्या तुकड्यावर बसवतात. मी माती बघत फिरत होतो. एक म्हातारा माळी कुंड्या हलवत होता. त्याला विचारलं, एवढ्या पावसात हे जगतात कसे? त्याने वर बोट केलं, छपराकडे. मग एक कुंडी उचलून माझ्या हातात दिली. पोकळ असावी इतकी हलकी. "पानी उतना ही, जितना ये मिट्टी चार दिन में छोड़ दे," तो म्हणाला.

त्या मातीत माती जवळपास नव्हतीच. हातात घेऊन बघितलं तर तीन भाग खडी आणि भरड वाळू, एक भाग कुजलेला पाला. परत येऊन मी तसंच केलं. तिस्तेची भरड वाळू चाळून वरचा जाड भाग घेतला. गिलाव्याची बारीक वाळू चालत नाही, ती सिमेंटसारखी बसते. विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, धूळ धुऊन. थोडा लोणारी कोळसा. आणि पालापाचोळ्याचं जुनं खत, चौथा हिस्सा. शेणखत ताजं असेल तर अजिबात नको. कुंडी नवी, बिनरंगाची, झाडाहून जेमतेम दोन बोटं मोठी. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत अशा जागी ओल साचून राहते. लोक कुंडीच्या तळाला खडीचा थर देतात, म्हणजे पाणी झिरपेल म्हणून. होतं उलटं. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या फटींत सहज उतरत नाही, माती पुरती भिजेपर्यंत ते थराच्या वरच लोंबकळतं. म्हणजे ओल मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे. सगळं मिश्रणच भरड असलं की तळाचा थर लागत नाही. आणि खाली ताटली ठेवायची असेल तर तिच्यातलं पाणी ओतून टाकायची सवय हवी, ती नसेल तर ताटली नको.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तुकडा त्या मिश्रणावर नुसता टेकवला, बाजूला तीन दगडांचा आधार. अजूनही पाणी नाही. बघणाऱ्यांना हे क्रूर वाटतं. पण निवडुंगाचं पाणी त्याच्या अंगातच असतं, आणि पानांची झाडं दिवसा सोडतात तशी वाफ तो सोडत नाही. त्याची छिद्रं रात्री उघडतात. बिनमुळाचा तुकडा दोन-तीन महिने आरामात निघतो. उलट, कोरडं असलं तरच त्याला मूळ काढायची घाई होते.

दर रविवारी उचलून बघायचो. पहिले तीन रविवार काही नाही. तुकडा थोडा आक्रसला. केरळी जवानही येऊन बघायचा, लांबून, हात मागे बांधून. चौथ्या रविवारी, दसरा होऊन गेला होता, उचलताना किंचित अडकल्यासारखं वाटलं. बघितलं तर कड्याच्या रेषेवर तांदळाच्या कणीएवढे चार पांढरे ठिपके, आणि एक अर्धा इंच लांब मूळ. त्याला हाक मारून दाखवलं. त्याने मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला, घरी दाखवायला. नंतर आठवड्याने पहिलं पाणी. ते मात्र भरपूर, खालून वाहीपर्यंत, आणि मग पूर्ण सुकेपर्यंत बंद. थेंब थेंब रोज, हा प्रकार निवडुंगाला कामाचा नाही. सुकलं की नाही ते कळायला मी एक बांबूची काडी मातीत खोचून ठेवतो. काढली की ओल दिसते. नाहीतर कालिम्पोंगच्या म्हाताऱ्यासारखी कुंडी उचलून बघायची, हाताला वजन कळतं.

डिसेंबरात रजा मिळाली. कुंडी नेलीच नाही. निवडुंग मुळासकट काढून, माती झटकून, वर्तमानपत्रात गुंडाळून आठ-पंधरा दिवस राहू शकतो. नर्सऱ्या पोस्टाने असेच पाठवतात. मी ते पुडकं बुटाच्या खोक्यात घालून न्यू जलपाईगुडीहून गाडीत बसलो. राहिलेलं एक पिल्लू केरळी जवानाकडे ठेवलं. मगाची सवय सुटली का, असं विचारलं तर हसला.

वहिनींचं घर गावाच्या वरच्या अंगाला, मुरमाड जमिनीवर. पाया खणताना निघालेल्या मुरमाचा ढीग अजून दारात पडला होता. मी वाटेत माती कुठे मिळेल याचा विचार करत आलो होतो, आणि निवडुंगाला हवी तशी खडी या बाईच्या दारात ब्रासने पडलेली. मुलगी आता तेरा वर्षांची. तिनेच मुरूम चाळला, बारीक फकी टाकून दिली, परसातलं जुनं कुजलेलं खत मूठभर घातलं. खोकं उघडल्यावर ती म्हणाली, "काका, हे एवढंसंच होतं?" वहिनी म्हणाल्या, "पंचकुलाहून आणलं तेव्हा याहून लहान होतं. तूही तेव्हा लहान होतीस."

झाड लावून झालं. तिने तांब्या आणला. मी सांगितलं, आत्ता नाही. काढताना, प्रवासात बारीक मुळं तुटतात, ती सुकू देत. आठ दिवसांनी. तिने खडूने कुंडीवर तारीख लिहिली. कुंडी ठेवायच्या जागेवरून थोडी चर्चा झाली, कारण वास्तुशांतीला आलेल्या एका मावशींना दारात काटे नको होते. शेवटी ओट्याच्या आतल्या कोपऱ्यात ठेवली, पत्र्याच्या धारेपासून चांगली चार हात लांब. जूनमध्ये वारा पश्चिमेचा असतो, पाणी आत मारतं का ते बघून जागा बदला, एवढं सांगून मी संध्याकाळच्या एसटीने निघालो.